पुरून उरलेलं

काडीने दोन्ही हात वहिनीच्या काखांखालून घातले, तिच्या पाठीमागे बोटांत बोटं अडकवली, ‘एक, दोन, तीन’ म्हटलं आणि ओढलं. वहिनी हलली नाही. खाट मात्र वीतभर पुढे सरकली आणि फरशीवर करकरली.

“मला उचल, खाटेला नको,” वहिनी तिच्या कानाशी म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या हातात चिमटा लावलेली फळी होती आणि फळीवर कागद.

“पुन्हा एकदा करा,” त्या म्हणाल्या. “घाई नाही मला.”

दुसऱ्या वेळी वहिनी गादीपासून चार बोटं सुटली. मग काडीचे गुडघे वाकले, आणि दोघी एकमेकींच्या मिठीत खाटेवर आडव्या झाल्या. वहिनीच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी आता कशालाच हसत नव्हती.

नर्सबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग समजुतीच्या आवाजात सांगितलं. रुग्णाला घरी ठेवायचं तर घरातल्या एका माणसाला तिला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीवरून खाटेवर घेता आलं पाहिजे. दिवसातून चार वेळा, न पाडता. उचलायचं यंत्र असतं, पण त्याचे पाय या खाटेखाली जात नाहीत आणि कपाट हलवलं तर दार उघडत नाही. त्यांनी मोजून पाहिलं होतं. घरात दोन माणसं असती तर गोष्ट वेगळी.

“दोन आहोत की,” वहिनी म्हणाली. “ही, आणि मी.”

“सहा महिने देते,” नर्सबाई काडीकडे बघून म्हणाल्या. “तोवर शेजारून मदत घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. नाही जमलं तर शुश्रूषागृह. वाईट जागा नाही ती.”

ती जागा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. दोन बस बदलून जावं लागे, आणि भेटायला फक्त रविवारी सोडत.

वहिनी या घरात आली तेव्हा काडी अकरा वर्षांची होती. आई नसलेली, हातापायांच्या काड्या झालेली नणंद. हे नाव वहिनीनेच ठेवलं, आणि वेणी घालता घालता ते इतक्यांदा उच्चारलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. पुढे काडीचं लग्न जमलं नाही, भाऊ नऊ वर्षांपूर्वी गेला, आणि घरात दोघीच उरल्या. काडी बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील ताव, दुमडायची, शिवायची. वहिनी घर बघायची आणि स्वयंपाक करायची. चाळीस वर्षांत काडीला चहापलीकडे काही करायची वेळ आली नव्हती. मग एका सकाळी वहिनी ओट्यापाशी उभी असताना तिच्या हातातला चमचा खाली पडला, आणि तो उचलायला ती वाकली ती उठलीच नाही. वाचा परत आली. उजवं अंग आलं नाही.

कारखान्यात काडीच्या शेजारी बसून खळ लावणारीने तळघरातल्या वर्गाचं सांगितलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाखाली सात पायऱ्या उतरून एक लांबट खोली होती. भिंतीला लोखंडी दांडे टेकवलेले, कोपऱ्यात वजनाच्या चकत्यांची चळत, आणि सहा-सात बायका. शिकवणारीला सगळ्या मास्तरीण म्हणत. पिकल्या केसांची, बसक्या बांध्याची बाई. तिने काडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“काय उचलायचंय?”

“वहिनी.”

“किती किलोची?”

“एकाहत्तर. हॉस्पिटलात केलं होतं वजन.”

“आणि तू?”

“अठ्ठेचाळीस.”

“खातेस काय?”

“चहा.”

“चहाबरोबर?”

“पाव. असला तर.”

“मग तुझी वहिनीच तुला उचलेल आधी,” मास्तरीण म्हणाली. मागच्या बायका खुदखुदल्या. पण मास्तरणीने एक नुसता दांडा काढून काडीच्या हातात दिला, मागे उभी राहून तिचे खांदे सरळ केले आणि म्हणाली, “कंबरेने नाही. पायांनी जमीन ढकलायची. आणि घरी शिजवून खायचं. ते अर्धं काम आहे, इथलं अर्धं.”

खायचं काय ते तिने एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. मोड आलेली कडधान्यं, अंडी, दही, पालेभाजी, आठवड्यातून दोनदा मासा. कशाचे किती ग्रॅम तेही. काडीने तो कागद ओट्यावरच्या भिंतीला खळीने चिकटवला, कारखान्यातल्या सवयीने, चारही कोपरे दाबून.

पहिले काही दिवस स्वयंपाक वहिनीनेच केला म्हणायचा, फक्त खाटेवरून.

“फोडणी जळली.”

“तुला कसं कळलं तिथून?”

“नाक डाव्या बाजूचं आहे माझं. मीठ घातलंस?”

“घातलं.”

“दोनदा?”

काडीने चमचा चाटून पाहिला.

“मग पाणी घाल आता. आणि उद्यापासून मी सांगेन तेव्हाच घाल.”

काडी सकाळी पाचला उठून एका मोठ्या पातेल्यात दोघींचं दिवसभराचं करायची, सगळं काट्यावर तोलून. दोघींना सारखं. वहिनीने बरं व्हायचं तर तिलाही अंगात जोर हवा, असा तिचा साधा हिशेब. स्वतःचा डबा भरून ती कारखान्यात जायची. दुपारी समोरच्या काकू येऊन वहिनीला जेवण द्यायच्या, संध्याकाळीही त्याच द्यायच्या, कारण वहिनीच्या गोळीची वेळ साडेसहाची आणि ती जेवणावर घ्यायची, आणि त्या वेळी काडी तळघरात असायची. काडी आठाला घरी यायची, हातपाय धुवायची आणि पातेल्यात राहिलेलं घेऊन वहिनीच्या खाटेपाशी बसायची.

पातेल्यात नेहमीच तिच्या अंदाजापेक्षा जास्त असे. सुरुवातीला तिला वाटलं, तोलण्यात चुकतंय. तिने काटा बदलला. तरी तेच. मोजून दोन माणसांचं करावं, एकीने जेवून घ्यावं, आणि दुसरीला दीड माणसाचं उरावं. काडी भाबडी होती, पण वेडी नव्हती. तिने दोन-चार दिवस विचार केला. मग तिला ते उमगलं, आणि उमगल्यावर तिचे डोळे भरून आले. देवाकडे तिने वहिनीला घरीच राहू दे एवढंच मागितलं होतं, त्याने हे वर घातलं होतं. त्या रात्रीपासून ती पातेल्याचं झाकण काढायच्या आधी क्षणभर हात जोडायची. वहिनी खाटेवरून ते बघायची आणि भिंतीकडे तोंड वळवायची.

“पातेल्यावर देवाचा हात आहे,” तिने एकदा मास्तरणीला सांगितलं.

“माझ्याही पातेल्याचा पत्ता दे त्याला,” मास्तरीण म्हणाली. “आमच्याकडे तर पुरतच नाही.” आणि दांड्याला दोन्ही बाजूंना आणखी एकेक चकती चढवली.

अंग खरंच बदलत होतं. तिसऱ्या महिन्यात काडी तीस किलोचा दांडा गुडघ्यांपर्यंत उचलू लागली, पाचव्यात पंचेचाळीसचा. कारखान्यात फर्म्यांचे गठ्ठे ती एकटी हलवायची, आणि दाबयंत्राचं चाक फिरवायला आता कुणाला हाक मारत नव्हती. खळ लावणारी म्हणे, काडीचं आता लाकूड झालं. घरी वहिनी पहिल्या महिन्यात वीतभर उठली, तिसऱ्यात उभी झाली, आणि पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी काडीने तिला उठवलं, वळवलं आणि अलगद खुर्चीत ठेवलं.

“विमानात बसल्यासारखं वाटलं,” वहिनी म्हणाली.

“तू कधी बसलीस विमानात?”

“म्हणूनच वाटलं.”

त्या सोमवारी काडीने तळघरात ही बातमी दिली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरणीने टाळी वाजवली, पण तिच्या कपाळाला आठी पडली.

“एकटीने? पंचेचाळीसच्या पुढे तू गेली नाहीस अजून.”

“तीही जोर लावते ना डाव्या पायाने.”

“हं. लावत असेल,” मास्तरीण म्हणाली.

घरी आल्यावर काडीने वहिनीचा गाऊन दोन्ही बाजूंनी पुन्हा आत घेतला. खांद्यावरून घसरत होता. पडून राहिलं की मांस उतरतंच, नर्सबाईच म्हणाल्या होत्या, असं वहिनी म्हणाली. तोंड तर गोळ्यांनी सुजून गोल गरगरीत होतं, आधीपेक्षाही. काडीने दोरा दाताने तोडला आणि तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला.

सहा महिने भरले त्या दिवशी नर्सबाई सकाळी दहाला आल्या. काडीने कारखान्यातून रजा घेतली होती, केस घट्ट बांधले होते. तिने खुर्ची तिरकी लावली, तिचे ब्रेक दाबले, पाय फाकवून उभी राहिली. ‘एक, दोन, तीन’ म्हणायची गरजच पडली नाही. वहिनी उठली, वळली, बसली. मग पुन्हा उठली, वळली, खाटेवर आली. खाट जागची हलली नाही.

नर्सबाईंनी फळीवर खूण केली. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

“मी पैज हरले असते,” त्या म्हणाल्या. “छान. आता वजन तेवढं करू.”

त्यांनी पिशवीतून जमिनीवर ठेवायचा पसरट काटा काढला. वहिनीला त्यावर उभं करता येणार नव्हतं. काडी म्हणाली, “मी घेते ना,” आणि वहिनीला मिठीत उचलून काट्यावर चढली. ती तिथे एक, दोन, चार, दहा आकडे मोजेपर्यंत उभी राहिली, आणि तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की तो दिसू नये म्हणून तिने वहिनीच्या खांद्यात तोंड लपवलं. मग वहिनीला खाटेवर ठेवून ती एकटी काट्यावर उभी राहिली.

नर्सबाईंनी कागदाच्या कडेला वजाबाकी केली. पुन्हा केली.

“शंभर वजा पंचावन्न,” त्या म्हणाल्या. “पंचेचाळीस.”

त्यांनी फळी बाजूला ठेवली. नर्सबाईंनी वहिनीला कुशीवर वळवलं, गाऊन वर केला आणि माकडहाडापाशी वाकून पाहिलं. तिथली कातडी तांबडी होऊन दुअन्नीएवढी फाटली होती.

“जेवत नाहीत का या?”

“सारखं जेवतो आम्ही दोघी,” काडी म्हणाली. “ग्रॅमवर तोलून करते मी. तो बघा कागद. काटा बघा. पुरून उरतं आमच्याकडे.” आणि दारात जाऊन तिने समोर हाक मारली.

काकू ओल्या हातांनीच आल्या. काट्याकडे, कागदाकडे, मग वहिनीकडे त्यांनी पाहिलं.

“मला वाटलं, तुला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “तीच सांगायची. निम्मं परत पातेल्यात घाला, काडीला व्यायाम असतो, तिला भूक लागते.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच की. पुढे निम्म्याचंही निम्मं झालं. मी म्हटलं बाई, तू खा. तर म्हणे, पडल्यापडल्या मला काय लागतंय.”

काडीने खाटेचा दांडा धरला. वहिनी भिंतीकडे बघत होती.

“दोन्हीकडून केलं की लवकर होईल म्हटलं,” ती भिंतीलाच म्हणाली. “तू तिकडून, मी इकडून.”

काकूंनी पदराला हात पुसले आणि त्या हळूच निघून गेल्या. नर्सबाई खुर्चीत बसल्या, रुग्णाच्या, आणि बसल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं तरी उठल्या नाहीत.

“मला हे लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“ती खाईल आता. मी समोर बसून भरवेन.”

“दुपारी तुम्ही कारखान्यात असता.”

“तिने मुद्दाम केलंय ते. तिला भूक आहे. घरात सगळं आहे.”

“मुद्दाम जेवत नसतील तर त्याचा कागद वेगळा असतो,” नर्सबाई हळू म्हणाल्या. “तो याहून वाईट. तो मी भरत नाही. वजन आणि जखम, एवढंच लिहिते. शुश्रूषागृहात डॉक्टर असतो, जखम भरेल, अंगावर मूठभर मांस चढेल. मग पुन्हा अर्ज करा.”

“अंगावर चढलं तर मला उचलता येईल का?”

नर्सबाई काटा उचलायला उठल्या. काटा पिशवीत जाईना, तो त्यांनी आडवा करून घातला.

“तिथून परत येतात का माणसं?” काडीने विचारलं.

“गाडी गुरुवारी येईल,” नर्सबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी काडी वर्गाला गेली नाही. तिने वहिनीला उशांना टेकवून बसवलं आणि स्वतःच्या हाताने भरवलं. वहिनीने निमूटपणे सगळं खाल्लं, दह्याची वाटीसुद्धा. नंतर ती थोडी ओकली, कारण पोटाला सवय राहिली नव्हती. काडीने चादर बदलली.

“रागावलीस?” वहिनीने विचारलं.

“मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू खाल्लं असतंस?”

काडीने ओली चादर बादलीत दाबली. मोरीवरच्या आरशात तिला स्वतःचा दंड दिसला, पिळताना फुगलेला, घट्ट, गोल. सहा महिने ती रोज त्याच्याकडे चोरून बघत आली होती. आज तिने त्यावरून बाही खाली ओढली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि तिने न विचारता वापरला होता. तिने पाहिलंच नव्हतं असं नाही. बरगड्या स्पंज करताना हाताला लागत होत्या. दर महिन्याला गाऊन आत घ्यावा लागत होता. पण ज्या हातांनी ते कळत होतं, त्याच हातांना वहिनी हलकी लागत होती, आणि हलकी लागणं किती गोड होतं.

मग ती ओट्यापाशी गेली. पातेल्यावर झाकण होतं. सवयीने तिचे हात जुळले. ती तशीच उभी राहिली. आभार कुणाचे मानायचे ते तिला कळेना, आणि ज्याचे इतके दिवस मानले त्याने ते कसे काय घेतले, तेही कळेना. त्याने एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. शेवटी तिने हात सोडले आणि झाकण न उघडताच दिवा मालवला.

मधले दोन दिवस असेच गेले. वहिनी खात होती, काडी भरवत होती. बुधवारी काडीने बोचकं बांधलं: तीन गाऊन, कंगवा, गोळ्या, चष्मा. वहिनीने खाटेवरून सगळं मोजून घेतलं आणि एक गाऊन बदलायला लावला, कारण लोकांत त्याचा रंग बरा दिसत नाही.

गुरुवारी गाडीबरोबर दोन माणसं आली, स्ट्रेचर घेऊन. जिना अरुंद होता आणि मधल्या वळणावर स्ट्रेचर वळेना. त्यांनी ते उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मग त्यातला मोठा म्हणाला, “आपण खुर्चीत बांधून नेऊ.”

“बांधायचं काही नको,” काडी म्हणाली. “मी नेते.”

“ताई, पडाल.”

काडी खाटेकडे वळली. ती खाटेच्या कडेशी पाठ करून गुडघ्यांत वाकली, वहिनीचा डावा हात गळ्यात घेतला, मागे हात नेऊन तिच्या मांड्या धरल्या, आणि पायांनी जमीन ढकलली. वहिनी वर आली. उजवा हात नुसताच लोंबत होता. काकूंनी तो उचलून काडीच्या खांद्यावर ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

ती माणसं पुढे उतरली, बोचकं आणि रिकामं स्ट्रेचर घेऊन. काडी एकेक पायरी बघून उतरत होती. पहिल्या सहा पायऱ्या झाल्या. वळण आलं. तिथून खालचं दार दिसत होतं, उघडं, आणि दारातून गाडीची मागची बाजू, तीही उघडी.

काडी थांबली.

खालून मोठा माणूस वर बघत होता. “दम लागला का, ताई? हात देऊ?”

वहिनीचा गाल काडीच्या मानेमागे टेकला होता. काडीचा आतला श्वास वहिनीला ऐकू येत असणार: संथ, एकसारखा, घाई नसलेला.

“हो,” काडी म्हणाली. “लागलाय. जरा उभी राहते.”

माणसाने घड्याळाकडे पाहिलं आणि एक पायरी वर चढला.

“थांबू द्या हो तिला,” वहिनी काडीच्या खांद्यावरून म्हणाली. “जड आहे मी.”